ट्रेल हेल्मेट: उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

ट्रेल हेल्मेट म्हणजे डोंगरवाटांवर सायकल चालवण्यासाठीचं हेल्मेट. वापरलेलं हेल्मेट मधल्या किमतीतलं आहे. मध्यम आकार (55 ते 59 सेंमी), आतून मिप्सचा थर (डोकं गरकन फिरण्याचा धक्का कमी करणारा सरकता थर), वरखाली होणारा व्हायझर (कपाळावरची झाप), चुंबकाचं बक्कल, वजन 370 ग्रॅमच्या आसपास. रस्त्यावरच्या सायकलींच्या हेल्मेटपेक्षा हे मागून मानेकडे आणि बाजूंनी कानशिलाकडे जास्त खाली येतं. वापर वेताळ टेकडीवरच्या सुट्या मुरमावर, घाटातल्या दगडी वाटांवर आणि कोकणातल्या जांभ्यावर झाला. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच्या डोक्याला बसलेलं हेल्मेट दुसऱ्याला बसेलच असं नाही. पारखायचं काय, हे महत्त्वाचं.

आराम आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मत या वापरात पक्कं झालं. हेल्मेट टोचायला लागलं की माणूस डायल (मागची आवळायची चकती) सैल करतो किंवा ते मागे सरकवतो. मग कपाळ उघडं पडतं, आणि उतारावर पुढे फेकलं गेल्यावर आधी आपटतं ते कपाळच.

माप आणि डोक्याचा आकार

शिंप्याची टेप भुवयांच्या दोन बोटं वर धरून डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची. आलेला आकडा मापाच्या मधोमध पडला तर उत्तम. डायल शेवटपर्यंत आवळल्यावरच हेल्मेट बसत असेल तर ते मोठं आहे. डायल फक्त आतली कडी आवळते, थर्माकोलचा साचा बदलत नाही.

माप बरोबर असूनही त्रास होतो तो साच्यामुळे. कपाळावर आणि मागे दाब, पण कानांच्या वर दोन्ही बाजूंना पोकळी, असं असेल तर डोकं लांबट आहे आणि हेल्मेट गोल. उलट कानशिलं दाबली जात असतील तर हेल्मेट अरुंद आहे. जाड-पातळ पॅड बदलून थोडाफार फरक पडतो, पण मुळातला साचाच चुकला असेल तर दुसरं मॉडेल पाहावं. दुकानात किमान 15-20 मिनिटं डोक्यावर राहू द्या. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ दिसला, तर दोन तासांच्या चढात तिथेच डोकं दुखणार.

डायल बेताची आवळून हेल्मेट हाताने हलवून पाहा. कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. इथे मिप्समुळे अनेकांची फसगत होते. बाहेरचं कवच आतल्या पातळ थरावर 10 ते 15 मिमी सरकतं आणि हेल्मेट ढिलं आहे असं वाटतं. तो ढिलेपणा नसून त्या थराचं कामच आहे. कातडी आतल्या थरासोबत हलते का, एवढंच बघायचं.

पट्ट्यांकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. पुढची आणि मागची पट्टी कानाच्या पाळीच्या जरा खाली जुळली पाहिजे. हनुवटीखाली एक ते दोन बोटं जावीत आणि मोठी जांभई दिल्यावर हेल्मेट किंचित खाली ओढलं जावं. पुढची पट्टी लांब राहिली की हेल्मेट मागे कलंडतं, मागची लांब राहिली की पुढे डोळ्यांवर येतं. बक्कल लावून मागच्या कडेने वर ढकलून पाहा. पुढे निसटत असेल तर तसं घालून वाटेवर उतरू नका.

संरक्षण

आतला थर्माकोल, म्हणजे ईपीएस, चिरडला जातो आणि आघाताची ऊर्जा खातो. तो एकदाच चिरडला जातो, पुन्हा फुगत नाही. युरोपच्या ईएन 1078 (2012) चाचणीत डोक्याचा साचा हेल्मेटसह सपाट पृष्ठभागावर 5.42 मी. प्रतिसेकंद वेगाने आपटतात आणि धक्का 250 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 250 पटीच्या) आत असावा लागतो. अमेरिकेच्या सीपीएससी या सरकारी संस्थेच्या चाचणीत वेग 6.2 मी. प्रतिसेकंद आणि मर्यादा 300 जी. या दोन्ही चाचण्या सरळ आघात मोजतात. वाटेवर माणूस बहुतेक वेळा तिरका पडतो आणि डोकं गरकन फिरतं, मेंदूला जास्त धोका त्या फिरण्याचा. स्वीडनमध्ये विकसित झालेलं मिप्स त्यासाठीच आहे. व्हर्जिनिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या चाचण्यांमध्ये तिरका आघातही मोजतात. तिथे कमी गुण म्हणजे चांगलं हेल्मेट, आणि तारे जास्तीत जास्त पाच. खरेदीआधी ती यादी जरूर पाहा. आयएस 4151 हा आयएसआय क्रमांक मोटरसायकलच्या हेल्मेटचा आहे, सायकलीसाठी तो शोधू नका.

हनुवटी आणि दात या हेल्मेटमध्ये उघडेच राहतात. मोठ्या उड्या आणि तीव्र उतार हाच छंद असेल तर हनुवटीही झाकणारं फुलफेस हेल्मेटच घ्या.

ऊन, घाम, पाऊस

छिद्रांच्या संख्येला फार महत्त्व देऊ नका. आतून पुढून मागे जाणाऱ्या खोल खाचा आहेत का ते पाहा, कारण हवा त्यांतूनच वाहते. तरीही एप्रिलमध्ये चढावर पायी चालण्याच्या वेगाने जाताना कुठलंच हेल्मेट थंड राहत नाही. कपाळाचा पॅड भिजून घाम डोळ्यांत उतरतो. हेल्मेट कपाळावर दाबून पॅड पिळून घ्यायचा, किंवा आत पातळ घामपट्टी बांधायची. डोक्याला खोबरेल तेल लावून जाणाऱ्यांचे पॅड लवकर चिकट होतात आणि घाम शोषेनासे होतात.

पावसाळ्यात व्हायझर चष्म्यावरचे थेंब अडवतो, हा मोठा फायदा. मात्र ओले पॅड तसेच ठेवले तर दुसऱ्या दिवशी कुबट वास आणि आठवड्याभरात बुरशी. पॅड काढून सौम्य शांपूने हाताने धुवा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. काढताना वेलक्रोच्या टिकल्या कवचाकडून उखडतात, म्हणून पॅडची कड बोटाने सावकाश सोडवा.

चुंबकाचं बक्कल हातमोजे घालूनही एका हाताने लागतं, पण आपल्याकडे त्याला एक खोड आहे. बेसॉल्टच्या मातीत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. ते चुंबकाला चिकटतात आणि बक्कल अर्धवट बसतं. जुन्या टूथब्रशने किंवा चिकटपट्टीने कण काढा, आणि लावल्यावर दर वेळी ओढून खात्री करा.

न आवडलेलं

खडबडीत उतारांवर व्हायझरचा मधला स्क्रू ढिला होतो. तो हातानेच आवळा, कारण पडल्यावर व्हायझर निखळून यायला हवा. चष्म्याच्या काड्या कानशिलाजवळ डायलच्या कडीला अडतात, म्हणून खरेदीला जाताना स्वतःचा चष्मा घेऊन जा. तिसरी अडचण म्हणजे पाण्याची सॅक उंच बांधली असेल तर तीव्र उतारावर मान वर करताना हेल्मेटची मागची कड सॅकला टेकते आणि हेल्मेट डोळ्यांवर येतं. सॅकचे खांद्याचे पट्टे सैल करून ती खाली आणली की हे थांबतं.

निगा आणि बदल

उन्हात बंद गाडीत ठेवू नका, कवच थर्माकोलपासून सुटून फुगे येतात. पेट्रोल, थिनर आणि डीट हे रसायन असलेलं डासांचं मलम प्लॅस्टिक खराब करतं. जोराने पडल्यावर पॅड काढून भेगा शोधा, पण भेग दिसली नाही तरी हेल्मेट बदला, कारण दबलेला थर्माकोल बाहेरून कळत नाही. न पडताही साधारण पाच वर्षांनी बदलावं. उत्पादनाची तारीख आतल्या स्टिकरवर असते, सवलतीत घेताना ती आधी वाचा. आणि दुकानात आणखी एक विचारून घ्या: त्या मॉडेलचे सुटे पॅड मिळतात का? नियमित वापरात सर्वांत आधी झिजतात ते पॅडच.