रोपं तयार करायचं किट, एका हंगामानंतर: ट्रे उत्तम, दिवा चांगला, सेन्सर म्हणजे डोक्याला ताप

किटमधल्या थर्मोस्टॅटने, म्हणजे रोपांच्या ट्रेखालची तापणारी मॅट चालू-बंद करणाऱ्या डबीने, मान टाकली, तीही नेमकी मिरची पेरलेली असताना. खोलीत गारठा, मॅट थंडगार आणि डबीच्या पडद्यावर आकडा ४१ अंश. मॅटचा दोष नव्हता, तिला वरून हुकूमच येत नव्हता. त्यावरून कंपनीशी जो पत्रव्यवहार सुरू झाला तो अजून संपलेला नाही आणि हे लिहायला बसण्याचं खरं कारण तेच. पण वसंतातली अख्खी पेरणी या किटवर काढली आहे, तेव्हा जे चांगलं आहे तेही सांगते.

किट नेहमीचंच. ७२ कप्प्यांचा ट्रे, त्याखाली पाण्यासाठी बिनभोकांचा ट्रे, पारदर्शक झाकण, २० वॅटची हीटमॅट, थर्मोस्टॅट आणि उंची बदलता येणारा पांढरा एलईडी दिवा. खोक्यावरची वैशिष्ट्यं पुन्हा उतरवत बसत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, लेट्यूस, कांदा आणि फुलांमध्ये पेटुनिया, झेंडू, स्नॅपड्रॅगन, सदाफुली एवढं यात करून पाहिलं.

आता सेन्सर, म्हणजे डबीला वायरीने जोडलेलं, तापमान मोजणारं टोक. सगळा घोळ त्याच्या वायरीच्या लांबीत आहे. डबीला पाणी चालत नाही, सेन्सरला चालतं. म्हणजे डबी लांब कोरड्यात राहावी आणि सेन्सर ओल्या ट्रेत जावा, इतकं सरळ आहे. पण वायर हातभरसुद्धा नाही, त्यामुळे डबी ट्रेच्या काठाला लोंबकळते. खाली पाण्याचा ट्रे, वर विजेची डबी. ही रचना कागदावर पास करणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी झारी हातात धरली असेल का, अशी शंका येते.

वायरीच्या टोकाला एक रबरी कप दिला आहे. माहितीपत्रकातल्या चित्रात त्या कपाने सेन्सर झाकणाला आतून चिकटवलेला दिसतो. झाकणाला आतून कायम दव धरलेलं असतं, त्यामुळे कप रात्रीतून सुटतो आणि सेन्सर कुठल्यातरी कप्प्यावर आडवा पडतो. बरं, नाही सुटला तरी तो मोजणार काय? हवा. बी हवेत पेरलेलं नाही, कप्प्यांत मातीऐवजी भरलेल्या मिश्रणात पेरलंय. मॅट खालून तापते, त्यामुळे मिश्रण झाकणाखालच्या हवेपेक्षा गरम असतं. हवेला २५ अंशांवर आणायच्या नादात मॅट चालूच राहते आणि खाली बियांपाशी तिशी ओलांडते. मी साधा काडीचा थर्मामीटर कप्प्यात खोचून पाहिला तेव्हा पडद्यावरचा आकडा आणि मिश्रणातला आकडा यांच्यात चांगलं सहा-सात अंशांचं अंतर होतं. उलट सेन्सर मॅट आणि ट्रे यांच्यामध्ये सारला, तर मॅटचीच उष्णता मोजून तो लगेच वीज तोडतो आणि मिश्रण थंड राहतं. म्हणजे एकाच यंत्रावर २५ लिहिलेलं असताना बियांना ३१ मिळू शकतात किंवा २० मिळू शकतात, तुम्ही ते टोक कुठे ठेवलंय त्यावर.

काहींना वाटेल, पाच-सहा अंशांचं एवढं काय. तर जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञांचे उगवणीचे तक्ते बघा, भाजीपाल्याच्या बियांसाठी आजही तेच वापरले जातात. टोमॅटोला १५ अंशांना सुमारे १४ दिवस लागतात, २० ला ८, आणि २५ ला ६. पुढे ३५ वर पुन्हा ९. मिरची १५ अंशांना २५ दिवस घेते, २५ ते ३० च्या पट्ट्यात ८. टोमॅटो-मिरची अशी चूक पोटात घालतात, चार दिवस उशीर करतात एवढंच. लेट्यूस घालत नाही. मिश्रण तिशीच्या आसपास गेलं की त्याच्या पुष्कळ जातींचं बी झोपी जातं, आणि नंतर गारवा दिला तरी लगेच जागं होईलच असं नाही. माझा लेट्यूसचा पहिला हप्ता असाच कोराच्या कोरा राहिला. पडद्यावर तेव्हा २४ होते, बरं का.

उपाय एकच: रबरी कप काढून टाकायचा, मधल्या एका कप्प्यात बी न पेरता मिश्रण भरायचं आणि सेन्सर बियांच्या खोलीइतका त्यात पुरायचा. ७२ पैकी एक कप्पा जातो. मला तेही खुपतं, पण यापेक्षा स्वस्त सौदा नाही. वायर आखूड असल्यामुळे मधल्या कप्प्यापर्यंत ती जेमतेम ताणून पोचते आणि झाकण त्या बाजूने किंचित उघडं राहतं. हे सगळं आणखी अर्धा मीटर वायर दिली असती तर झालंच नसतं. अर्धा मीटर!

दिव्याबद्दल माझं मत मध्येच फिरलं. सुरुवातीला तो खोक्याची किंमत फुगवायला घातलेला दागिना वाटला होता, आणि खिडकीतल्या उन्हात भागेल असा माझा हिशेब होता. खिडकीतला झेंडू एका बाजूला कलला आणि दिव्याखालचा झेंडू बुटका, जाड देठाचा झाला, तेव्हा मुकाट्याने सगळं दिव्याखाली हलवलं. रोपांना दिवसाला दर चौरस मीटरला साधारण १० ते १५ मोल (प्रकाशकण मोजायचं एकक) प्रकाश लागतो. झाडाच्या माथ्याशी सेकंदाला २०० मायक्रोमोल (मोलाचा दहा लाखावा भाग) मिळत असतील आणि दिवा १६ तास चालू असेल तर साडेअकरा मोल होतात, म्हणजे काम भागतं. मापक नसेल तर फोनवरच्या लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं एकक) मोजणाऱ्या ॲपने अंदाज येतो: पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागायचं. १४ हजार लक्स म्हणजे सुमारे २०० मायक्रोमोल. ट्रेच्या मध्यभागी हे मिळतं, चारही कोपऱ्यांत मिळत नाही. कोपऱ्यातली रोपं मान लांब करून मध्याकडे झुकतात, म्हणून ट्रे रोज फिरवावा लागतो. दिवा उंच टांगून सगळीकडे सारखा उजेड पाडायचा मोह होतो, पण तसं केलं की सगळ्यांनाच कमी मिळतो.

टायमरची एक खोड आहे. तो घड्याळाच्या वेळेवर चालत नाही, बटण दाबल्या क्षणापासून १६ तास मोजतो. वीज एकदा गेली की गणित पुन्हा शून्यापासून, आणि परत आल्यावर दिवा आपणहून लागत नाही. साधा भिंतीवरच्या सॉकेटचा टायमर लावायचा म्हटलं तरी त्यामुळेच जमत नाही. वैताग आहे, पण सेन्सरच्या मानाने किरकोळ.

झाकणाबद्दलही सुरुवातीला बरीच कुरकुर केली होती. वरच्या दोन झडपा इतक्या घट्ट आहेत की उघडताना झाकणच हातात येतं. आता म्हणेन, येऊ दे. झाकणाचं काम उगवण होईपर्यंतच. निम्म्या कप्प्यांत हिरवं दिसलं की ते काढून ठेवायचं, झडपांशी खेळत बसायचं नाही. कोंदट ओलाव्यात पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशा जमिनीलगतचा देठ कुजवतात. काल टवटवीत उभी असलेली रोपं सकाळी आडवी, देठ खालून बारीक आणि पाणचट. एकदा मर लागली की ते रोप परत येत नाही. झाकण काढणं, पाणी खालच्या ट्रेतून देऊन अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकणं, आणि एका बाजूने छोटा पंखा हळू सोडणं, एवढ्यावर माझी पुढची लागवड वाचली. पंख्याचा दुसरा फायदा म्हणजे हलणाऱ्या रोपांचे देठ जाड होतात.

सोबत आलेल्या जाळीतल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चकत्यांवर फार शब्द खर्च करत नाही. जाळी सहजी कुजत नाही, मुळं तिच्यात अडकतात, लावताना ती फाडून काढावी लागते. मी कोकोपीट, परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) आणि चाळलेलं गांडूळखत असं मिश्रण स्वतः केलं. कोकोपीट मात्र दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात.

पेटुनियाला किटने खरोखर खूश केलं. एका ग्रॅममध्ये हजारो बिया मावतात अशी ही धूळ. वर माती टाकायची नाही, कारण तिला उगवायला उजेड हवा. ओल्या मिश्रणावर नुसती ठेवायची, झाकण घालायचं, दिवा चालू. इतकी एकसारखी उगवण आली की विरळणी करताना जिवावर आलं. स्नॅपड्रॅगनचंही तसंच. सदाफुलीचं उलटं, तिला अंधार आणि ऊब दोन्ही लागतात, त्यामुळे एकाच ट्रेत पेटुनियाशेजारी तिला पेरू नका. दोघींचं पटत नाही. मी तिच्या कप्प्यांवर कोंब दिसेपर्यंत काळा पुठ्ठा ठेवला.

आणि ट्रे! याच्याबद्दल खोक्यावर एक ओळही नाही आणि किटमधली सगळ्यात चांगली वस्तू हीच. जाड प्लॅस्टिक, पाण्याने भरलेला असताना एका हाताने उचलला तरी वाकत नाही. कप्प्याच्या तळाचं भोक बोट जाईल एवढं आहे, खालून ढकललं की रोप मुळांच्या गड्ड्यासकट अलगद वर येतं. पातळ ट्रे दरवर्षी फाटतात आणि दरवर्षी नवे घ्यावे लागतात, हे मला कधीच पटलेलं नाही. हा ट्रे ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात वाळवून मी पुन्हा वापरायला घेतला, कुठे चीर नाही.

विजेचंही सांगते, कारण मी ते बघतेच. मॅट दिवसभर अखंड चालली तर २० वॅटने अर्ध्या युनिटच्या आत राहते, दिवा ४० वॅटचा, १६ तासांना ०.६४ युनिट. मॅटला खरं तर उगवणीपुरतंच काम असतं. कोंब वर आले की तिला बंद करायचं, टोमॅटो-कोबीची रोपं त्यानंतर १६ ते २० अंशांत जास्त चांगली घडतात, ऊबेत ती नुसती उंच होतात. मग ज्या थर्मोस्टॅटची गरज हंगामात जेमतेम काही आठवडे आहे, त्याच्यावर एवढा का चिडावं? कारण त्या काही आठवड्यांतच सगळं ठरतं. मिरची एकदा चुकली की तीन आठवडे मागे, आणि वसंत तेवढा थांबत नाही.

तर ते ४१ अंश. आतला सेन्सर १० किलोओहमचा एनटीसी प्रकारचा आहे, म्हणजे तापमान वाढलं की त्याचा विजेला होणारा रोध (किलोओहम हे त्याचंच माप) कमी होतो, आणि त्या रोधावरून डबी तापमान ठरवते. टोकाशी असलेल्या जोडावरचं आवरण सुटलं होतं आणि ओल आत शिरली होती. ओलीमुळे रोध घटतो, डबीला वाटतं खूप गरम आहे, ती मॅट बंद ठेवते. ज्या वस्तूला ओल्या मातीत राहायचंय तिचा जोड ओलीने जावा, याला काय म्हणावं.

कंपनीला मी एवढंच लिहिलं की नवा सेन्सर पाठवा. उत्तर आलं, सेन्सर हा सुटा भाग नाही, संपूर्ण किट मूळ खोक्यात परत करा. मी कळवलं की किटमध्ये सध्या रोपं आहेत. त्यावर मॅटच्या खालच्या बाजूचा अनुक्रमांक दिसेल असा व्हिडिओ मागितला. मॅटवर दोन ट्रे, ट्रेत पाणी, पाण्यात मुळं. तोही काढून पाठवला. मग पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. पुढची खरेदी! मी नम्रपणे नाही म्हटलं, तेव्हापासून तक्रार ‘प्रक्रियेत’ आहे.

तोवर थांबणं शक्य नव्हतं, म्हणून स्टीलच्या टोपीतला, दोन मीटर वायरीचा साधा १० किलोओहमचा सेन्सर घेऊन मी जोडला. दोन तारा, उलटसुलट कशाही लावल्या तरी चालतात. यात बीटा नावाचा एक आकडा, म्हणजे तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो त्याचं माप, जुन्या सेन्सरशी जुळायला हवा, बहुधा ३९५० किंवा ३४३५ असतो. तो चुकला तर २५ अंशांना आकडा बरोबर दिसतो आणि तिथून दूर जाल तसा फसवतो. एक धोक्याची सूचना मात्र गंभीरपणे: काही स्वस्त डब्यांत सेन्सरच्या तारा मुख्य विजेपासून वेगळ्या केलेल्या नसतात. प्लग काढल्याशिवाय हात लावू नका, आणि विजेचं काम येत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. हमी अर्थात गेली. पण डबी आता कोरड्या फळीवर आहे, झाकण नीट बसतं, आणि कप्प्यात खोचलेला थर्मामीटर व पडदा यांच्यात अंशभराचाही फरक नाही. मिरची दुसऱ्यांदा पेरली, ती दहाव्या दिवशी वर आली.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन एकट्या ट्रेचे. दिवा आणि ट्रे सुटे मिळत असतील तर तेच घ्या, आणि मॅट-थर्मोस्टॅट लांब वायरीचा वेगळा बघा. अख्खं किटच घ्यायचं असेल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला विचारा की सेन्सरची वायर किती लांब आहे आणि नुसता सेन्सर बदलून मिळतो का. तोंडी ‘हो’ ऐकून गप्प बसू नका, लिहून घ्या.