९९ रुपयांचा कॉफी सॅम्पल आणि मी अडकलो की राव

एका कॉफीवाल्यांच्या वेबसाइटवर ईमेल टाकला तो फक्त १०% डिस्काउंटसाठी, खरं सांगतो. दोनच मिनिटांत मेल हजर, की तीन कॉफ्यांचे छोटे पाऊच ९९ रुपयांत, डिलिव्हरी फ्री, ऑफर फक्त ४८ तास. म्हटलं दोन वडापाव-चहाच्या पैशात बघू तरी. प्रत्येकी २० ग्रॅम, सगळी चिकमगळूरची, एक प्युअर अरेबिका, एक पीबेरी (म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी असते ती), एकात ३०% चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड). घरच्या स्टीलच्या फिल्टरला चिकोरीवालीच भारी, डिकॉक्शन मस्त घट्ट उतरतं, आईलापण तीच आवडली. पीबेरी दुधात पार हरवते, ती काळीच प्या.

आता ९९ मध्ये त्यांचा कुरियरचा खर्चपण निघत नसेल, पण खरी गोम पुढे आहे, पाचव्या दिवशी मेल आला की तेच ९९ मोठ्या पाकिटातून वजा करून देतो, मग काय, मागवलंच २५० ग्रॅम! एकच खटकलं, ते ४८ तासांचं घड्याळ खोटं निघालं, आठवड्याने लिंक उघडली तर परत ४८ पासून सुरू. शिवाय खरेदीनंतरही रोज एक मेल, आणि अनसबस्क्राइब शोधायला भिंग लागतं. पाकीट मात्र संपत आलंय, परत मागवणार, आता पूर्ण किमतीत.