सायकलचा पोंचो: पावसाला पुरतो, वादळात काढून ठेवावा लागतो

सायकलवर घालायचा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, घ्यावा का, असं माझ्या दुकानात येणारी सायकलवाली पोरं-पोरी दर पावसाळ्यात विचारतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं शिलाईचं दुकान आहे आणि पावसाळ्यात मी एकटीच सायकल घेऊन गगनबावड्याकडं जाते, त्यामुळं कापडाचं आणि रस्त्याचं दोन्ही सांगू शकते. घ्या. पण वारं उठलं की तो अंगातून काढायचा, हे मनाशी पक्कं करून घ्या.

माझा पोंचो पिवळ्या नायलॉनचा आहे, आतून लेप दिलेला. साडेनऊशेला घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असाच माल बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो. डोक्यातून घालायचा, पुढचा पदर हँडलवर टाकायचा, मागचा सीटवरून खाली सोडायचा. पुढच्या पदराला आतून अंगठ्यात अडकवायचे दोन फासे आहेत आणि कमरेला आत एक पट्टा आहे.

आधी शिवण बघा. कापड कितीही चांगलं असलं तरी सुई जिथं टोचते तिथं भोक पडतंच, आणि दोरा सुती असेल तर तो पाणी शोषून आत पोचवतो. म्हणून दुकानात पोंचो उलटा करून बघायचा. प्रत्येक जोडावरून बोटभर रुंदीची पारदर्शक टेप गरम करून चिकटवलेली दिसली पाहिजे. मग जोड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरायचा. टाक्यांतून उजेडाचे ठिपके दिसले तर तो तिथंच ठेवून यायचं. माझ्या पोंचोला खांद्यावर जोडच नाही, अख्खं कापड गळ्यापासून पुढं-मागं उतरतं. हे मला फार आवडलं, कारण पावसाचा सगळा मारा खांद्यावर असतो आणि स्वस्त रेनकोट तिथंच गळतात. कच्ची जागा एकच, हुड गळ्याला जोडलाय तिथली. तिथं टेपची टोकं एकमेकांवर येतात आणि लवकर सुटतात. मी तिथं आतून शिवण बंद करायचा डिंक लावून घेतला, तेव्हापासून गळा कोरडा आहे.

रंकाळा मागं टाकून फुलेवाडी, बालिंगा, कळे असं जाताना सरळ पडणाऱ्या पावसात या पोंचोला तोड नाही. खालून उघडा असल्यामुळं हवा खेळती राहते आणि घाम साचत नाही. महागड्या ‘श्वास घेणाऱ्या’ जॅकेटचं आपल्याकडं नेमकं इथंच अडतं. त्या कापडातून वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरीच कोरडी लागते. जुलैत आपल्याकडं बाहेरच सगळं दमट, मग वाफ जाणार कुठं? चढावर थोडा वेळ पायडल मारलं की आतून घामानं भिजायचं ते भिजतोच. कळ्याच्या पुढं भातलावणीला वाकलेल्या बायका डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ घेतात, तीही खालून मोकळीच असते. दिवसभर चिखलात राबणाऱ्यांनी ठरवलेली गोष्ट आहे ती, माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे.

मात्र दोन्ही चाकांना लांब मडगार्ड हवेत. नाहीतर चाकानं उडवलेलं पाणी खालूनच अंगावर येतं आणि पोंचोचा काही उपयोग राहत नाही.

आता वाऱ्याचं. कोल्हापूर ते गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर, तोंड पश्चिमेला. पावसाळी वारंही पश्चिमेकडूनच येतं, म्हणजे जाताना ते छातीवर घ्यावं लागतं. मांडुकली, असळजच्या बाजूला दोन्हीकडचे डोंगर जवळ आले की त्याला जोर चढतो. तुम्ही ताशी १५ च्या वेगानं चाललाय आणि समोरून ३० चं वारं आलं, तर अंगावर ४५ चं वारं लागतं. वेग तिप्पट झाला, पण रेटा नऊपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. त्यात पोंचोनं तुमची रुंदी वाढवून ठेवलेली असते. असळजच्या अलीकडं एका झोतानं माझा पुढचा पदर फुगून गलबताच्या शिडासारखा ताठ झाला आणि अंगठ्यातल्या फाशांनी दोन्ही हात वर ओढले. हँडल रस्त्याच्या मध्याकडं वळलं. मागून एसटी येत होती. चालकानं वेळीच वेग कमी केला, त्याचे मनापासून आभार.

म्हणून फासे फक्त सरळ पावसात वापरा. झोत सुरू झाले की आधी अंगठे मोकळे करा. बाजूनं वारं यायला लागलं की निवाऱ्याला थांबून पोंचो काढा आणि अंगाला घट्ट बसणारं साधं विंडचीटर घाला. भिजाल, पण पायडल चालू आहे तोवर अंगात ऊब राहते आणि सायकल तुमच्या ताब्यात राहते. गगनबावड्यातून पुढं करूळ किंवा भुईबावडा घाट उतरायचा असेल तर पोंचो पिशवीतच ठेवा. परतीला वारं पाठीशी येतं, तेव्हा तो घालून बरं वाटतं. पण तेव्हाच सायकल नकळत पळते आणि रिमवरचे ब्रेक ओले असताना उशिरा लागतात. उतार यायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिमवरचं पाणी पुसून काढायचं.

मे महिन्यातला वळीव वेगळा. पाऊस यायच्या आधीच ढगातून खाली आलेल्या गार हवेचा लोट अंगावर येतो आणि सोबत विजा. रबरी टायरमुळं वीज पडत नाही, असं मला दुकानात सांगतात. ते खोटं आहे. गडगडाट ऐकू आला की शाळा, ग्रामपंचायत, कुठल्याही पक्क्या इमारतीत जायचं, एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. कुंभी नदीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं असेल तर परत फिरायचं. निघायच्या आधी मी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पातळी ३९ कडं सरकायला लागली की मी त्या दिवशी दुकान उघडते.

पोंचोचे दोष सांगायचे तर सगळ्यात मोठा दिव्यांचा. पुढचा पदर हँडलवरचा दिवा झाकतो, मागचा पदर सीटखालचा. धुक्यात समोरून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही. कोणत्याही पाकिटावर याबद्दल एक ओळ मला सापडली नाही, याचा मला राग आहे. पुढचा दिवा पुढच्या चाकाच्या चिमट्यावर आणि मागचा कॅरिअरच्या टोकाला लावून घ्या. दुसरं, मान वळवली तरी हुड वळत नाही, मागं बघताना डोळ्यासमोर कापडच येतं. मी हुडच्या मागच्या कडेला दुमड घालून त्यात इलॅस्टिक ओवलं, आता तो डोक्याबरोबर फिरतो. कुठलाही शिंपी हे करून देईल. चमकणारी पट्टी मात्र शिवायची नाही, चिकटवायची. शिवली की नवी भोकं पडणार.

घरी आल्यावर सावलीत उलटा टांगा. ओला घडी करून ठेवला तर आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो. इस्त्री अजिबात नको. आणि घेताना उभं राहून माप बघू नका: दुकानातल्या सायकलवर बसा, हात हँडलवर ठेवा, पुढचा पदर पुरतोय का आणि मागचा चाकात जात नाही ना, ते बघा. बसू देत नसतील तर दुसऱ्या दुकानात जा.