सांगली ते बेंगळुरू, ८०० सीसीची गाडी, चार माणसं आणि टपावर गादी

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ८०० सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल, बारा इंची चाकं एवढं सांगितलं की गल्लीतलं शेंबडं पोरगंपण ओळखतंय. घेऊन सात वर्षं झाली, ६१ हजार किलोमीटर पळाली, पण त्यातलं निम्मं सांगली-मिरज, सांगली-मिरज, लांब म्हणजे फार तर पुणे. मे महिन्याच्या शेवटी पोरीला बेंगळुरूला नोकरी लागली आणि तिचा संसार पोचवायला हीच काढली, जाऊन येऊन तेराशे किलोमीटर. एवढ्याशा गाडीत एवढं ओझं घेऊन जमतं का असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी वजनाचं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची मर्यादा, त्यातला फरक म्हणजे माणसं धरून आपला कोटा. माझ्या गाडीचा सव्वाचारशे किलोच्या आसपास निघाला. मी, बायको, पोरगी आणि सासरे मिळून २५५ किलो (त्यात माझे किती ते विचारू नका), आणि सामान शेजाऱ्यांच्या मार्केट यार्डातल्या आडतीत नेऊन हळदीच्या काट्यावर टाकलं तर १४० भरलं. आडतीतली पोरं हसत होती, हसू देत, पण अंदाजाने मी ऐंशी-नव्वद धरून बसलो होतो. ज्वारी, तांदूळ, हळद, बेदाणे, शेगडी, मिक्सर, पुस्तकं, भडंगाची पाकिटं, लोणच्याची बरणी, कुठली गोष्ट जड वाटत नाही पण सगळं मिळून अजून दोन माणसं होतात ओ.

पहिल्यांदा मी सगळं जड डिकीत कोंबलं आणि गाडी मागून अशी बसली की विश्रामबागच्या स्पीडब्रेकरलाच सायलेन्सर घासला. परत घरी. मग ज्वारी-तांदळाची पोती आणि पुस्तकं पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवतो तिथे खाली टाकली आणि डिकीत कपडे, भडंग असलं हलकं. वजन तेवढंच, पण गाडीचा बसका निम्मा कमी झाला. सासऱ्यांचे पाय मात्र साडेसहाशे किलोमीटर तांदळाच्या पोत्यावर, ते म्हणाले जावईबापू, पाट दिलाय म्हणायचं. हवा भरणारा पोरगा न विचारता चारी चाकांत तीस मारतो, त्याच्यावर सोडू नका, ड्रायव्हरच्या दाराच्या आत स्टिकर असतो त्यावर फुल लोडचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, माझ्या गाडीला मागच्या चाकांत हवा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त लागते. टायर गार असताना भरा.

पहाटे साडेचारला निघालो, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत शिरोलीला हायवेला लागलो. एवढ्या वेळात समोरच्या प्रत्येक ट्रकने डिपर मारला. मला वाटलं माझाच काहीतरी दिवा गेलाय. मग ट्यूब पेटली, मागे वजन बसल्यावर पुढचं तोंड वर होतं आणि लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्टेअरिंगच्या उजव्या हाताला खाली लेव्हलचा एक गोल नॉब आहे, सात वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता, तो फिरवल्यावर डिपर बंद.

पेट्रोल सांगलीत मुद्दाम थोडंच भरलं होतं, कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कर्नाटकात टाकी फुल केली, तिकडे तेव्हा दोनेक रुपयांनी स्वस्त होतं हे आपल्याकडच्या लोकांना सांगायची गरज नाही.

निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट लागतो आणि खरी परीक्षा तिथे झाली. चौथ्यात धरून चढवायला गेलो तर गाडी घरघरायला लागली, स्पीड ८० वरून ५५, मागे लक्झरीवाल्याचा हॉर्न. मग एसी बंद, गिअर तिसरा, डावी लेन, आणि पन्नासला गुपचूप ट्रकच्या मागे. तिसऱ्यात इंजिन ओरडतं, बायको म्हणाली अहो फुटेल की ते, पण ओरडू द्यायचं, खालच्या आरपीएमला (इंजिनाचे फेरे कमी असताना) वरच्या गिअरात दामटवण्यापेक्षा ते बरं. टेंपरेचरचा दिवा एकदाही लागला नाही. पुढे वंटमुरीच्या घाटात तर मी एसी आधीच बंद करून तयार होतो. उतारालाही तोच तिसरा गिअर, भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापून मऊ पडतात.

सपाटीला ८० म्हणजे ही गाडी सुखात. नव्वदच्या पुढे आवाज, थरथर आणि पेट्रोल, तिन्ही वाढतं. ओव्हरटेक आधी ठरवून करायचा, समोर अख्खा रस्ता मोकळा दिसला तरच, ब्रेकलाही नेहमीपेक्षा बरंच अंतर जास्त लागतं हे बेळगावच्या अलीकडे एका टेंपोच्या मागे चांगलंच कळलं. हुबळी-धारवाड बायपास शांतपणे घ्या एवढंच सांगतो.

दावणगेऱ्यात लोणी घातलेला बेण्णे दोसा खाल्ला, माणशी दोन, म्हणजे कोट्यात आणखी भर.

चित्रदुर्गाजवळ डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागल्या तेव्हाच समजायला पाहिजे होतं. टपावर कॅरिअरला गादी बांधली होती, ताडपत्री गुंडाळून, वजन जेमतेम बारा किलो, पण तिथला आडवा वारा त्या गादीला शीड समजून गाडी अख्खी लेनभर सरकवायला लागला. शेजारून बस गेली की अजून एक हिसका. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून साठला चालवली तास-दीड तास, खांदे भरून आले. अख्ख्या ट्रिपमध्ये भीती वाटली ती फक्त तिथे. आतल्या १३० किलोने जेवढा त्रास दिला नाही तेवढा त्या बारा किलोने दिला.

तुमकूरला परत टाकी फुल केली, ५१० किलोमीटरला ३० लिटर, म्हणजे १७ चं मायलेज. येताना रिकामी, कॅरिअर काढून डिकीत, स्पीड तोच, तर साडेवीस पडलं. बेंगळुरूत शिरेपर्यंत रात्रीचे साडेआठ, म्हणजे सोळा तास, थांबे धरून.

गाडीत बिघाड शून्य. आल्यावर ऑइल बदललं आणि अलाइनमेंट केली, बाकी काही नाही. सीटबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही, चारशे किलोमीटरनंतर कंबर बोलायला लागते आणि मागे बसणाऱ्याचं तर विचारूच नका, सासरे येताना मिरजेपर्यंत राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनेच आले.

आता दिवाळीनंतर पोरीचं कपाट न्यायचंय म्हणे. कपाट ट्रान्सपोर्टला टाकणार, माणसं रेल्वेने, आणि मी एकटा गाडीत ज्वारी घेऊन. गादीचं म्हणाल तर पीजीच्या मालकिणीने तिथली गादी आधीच घालून ठेवली होती, आमची गुंडाळून पलंगाखाली आहे.