बीए सेट लावून आत गेलेल्यांशी बोलायचं कशावर? टीटीसीतल्या कारखान्यांच्या फायर टीमसाठी तुलना

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या नवी मुंबईतल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या सेफ्टी ऑफिसरच्या टेबलावर वॉकीटॉकीची कोटेशनं येतात तेव्हा त्यांत दोनच गोष्टी ठळक असतात: किंमत आणि किलोमीटर. फायर टीमसाठी दोन्ही दुय्यम. बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून मास्कमध्ये हवा देणारा श्वसनसंच) लावून आत गेलेल्या दोघांचं बोलणं दारात उभ्या असलेल्या माणसाला प्लांटची वीज गेल्यावरही कळतं का, हे आधी बघायचं. इथली तुलना याच कसोटीवर केली आहे.

मोबाइल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आदेशासाठी धरूच नका. वरिष्ठांना कळवायला, फोटो पाठवायला ठीक.

सिमकार्डवर चालणारे पीटीटी (बटण दाबून बोलायचे) सेट सध्या जोरात खपतात. रेडिओच्या परवान्याची खटपट नाही आणि तळोज्याचा प्लांट ऐरोलीच्या ऑफिसशी थेट बोलतो, ही त्यांची खरी सोय. पण आवाज टॉवरवरून सर्व्हरकडे आणि तिथून परत असा फिरून येतो. तळघरात किंवा पत्र्याच्या गोदामात रेंज गेली, की शेजारी शेजारी उभे असलेले दोघेही एकमेकांना ऐकू येत नाहीत. हे सेट व्यवस्थापनाला द्या, ब्रांच (होजच्या टोकाची पाण्याची नळी) धरणाऱ्याला नको.

परवाना न लागणारे सेट 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमध्ये, जास्तीत जास्त अर्ध्या वॉटवर चालतात. गेट आणि पार्किंगला पुरतात. दोन स्लॅब आणि ड्रमचे रॅक मध्ये आले की भरवसा राहत नाही, शिवाय तेच चॅनल शेजारचा कुणीही वापरू शकतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा ‘5 वॉट, लायसन्सची गरज नाही’ असा सेट दिसला तर सरळ सोडा. अशा विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

म्हणजे फायर टीमसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (रेडिओ फ्रिक्वेन्सी देणाऱ्या) शाखेचा परवाना घेऊन चालणारे चार-पाच वॉटचे सेटच उरतात. परवान्याला वेळ लागतो, तेव्हा खरेदीच्या बरेच आधी अर्ज करा.

व्हीएचएफ की यूएचएफ

हे रेडिओ फ्रिक्वेन्सीचे दोन पट्टे. उघड्यावर, झाडीत, टेकडीच्या बाजूने व्हीएचएफ लांब जातं. त्याची लहर सुमारे दोन मीटरची, यूएचएफची पाऊण मीटरच्या आत. छोटी लहर दारं, खिडक्या, जिन्याच्या पोकळीतून जास्त सहज आत शिरते. शिवाय व्हीएचएफची अँटेना लांब असते आणि सिलिंडरच्या पट्ट्यात अडकते. बांधकामाच्या आत काम असेल तर यूएचएफ.

थेट की रिपीटरमार्गे

निवड चुकते ती बहुतेक वेळा इथेच. रिपीटर (सेटचा सिग्नल घेऊन तो जोरात पुन्हा सोडणारं, सहसा गच्चीवर अँटेना असलेलं यंत्र) घेतला की सगळा प्लांट एका चॅनलवर येतो, म्हणून विक्रेता सगळे सेट त्यावरच लावून देतो. पण आग लागल्यावर पहिलं काम काय होतं? इलेक्ट्रिशियन त्या भागाची वीज तोडतो. रिपीटर त्याच फीडरवर असेल तर दिव्यांबरोबर तोही जातो. आणि वीज असली तरी आतल्या माणसाचा सिग्नल आधी अ‍ॅडमिन इमारतीच्या गच्चीपर्यंत पोचावा लागतो, दाराशी उभा माणूस वीस मीटरवर असला तरी.

थेट चॅनलवर सेट ते सेट बोलणं होतं, मध्ये बंद पडण्यासारखं काही नाही. तोटा पल्ल्याचा: दुसऱ्या टोकाच्या पंपहाउसला ऐकू जाईलच असं नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. आत गेलेली टीम आणि दारावरचा एन्ट्री कंट्रोलवाला (आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद ठेवणारा) थेट चॅनलवर. इन्सिडंट कंट्रोलर (घटनास्थळाचा प्रमुख), पंपहाउस, गेट आणि कंट्रोल रूम रिपीटरवर. कंट्रोलरजवळ दोन सेट आणि ऐकायला एक मदतनीस हवा. रिपीटर घेतलाच तर त्याला वेगळी बॅटरी द्या आणि अँटेना प्रोसेस इमारतीपासून दूर लावा.

अ‍ॅनालॉग की डिजिटल

डीएमआर या डिजिटल रेडिओच्या मानकाचे फायदे मोठे आहेत. 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर रिपीटरमार्गे दोन संभाषणं चालतात, बॅटरी जास्त टिकते, आणि आणीबाणीचं बटण दाबलं की कोणाच्या सेटवरून दाबलं ते कंट्रोलरच्या पडद्यावर दिसतं. बोलता न येणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे.

अडचण आवाजाची. डिजिटल सेट माणसाचं बोलणं ओळखून ते दाबून पाठवतो. मास्कच्या आतून आलेल्या आवाजात सिलिंडर 50-55 बारवर आल्याची शिट्टी, डिझेल पंप आणि सायरन मिसळले की त्याचा अंदाज चुकतो आणि शब्दांऐवजी गुरगुर ऐकू येते. अमेरिकेच्या एनटीआयए या सरकारी संस्थेने 2008 मध्ये केलेल्या चाचण्यांत अशा गोंगाटात अनेकदा अ‍ॅनालॉगच सरस ठरला. त्या पी25 या दुसऱ्या डिजिटल मानकाच्या सेटवर होत्या आणि नव्या सेटमध्ये सुधारणा झाली आहे, पण डीएमआरचं तत्त्व तेच. दुसरा फरक रेंजच्या काठावरचा. अ‍ॅनालॉगमध्ये खरखर वाढत जाते, म्हणजे माणसाला इशारा मिळतो आणि तो दोन पावलं मागे येतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि मग एकदम गप्प.

दोन्ही मोडवर चालणारा सेट घ्या: आतला थेट चॅनल अ‍ॅनालॉग, बाहेरचा रिपीटर डिजिटल.

कोटेशनमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

सॉल्व्हंट, गॅस असलेल्या ठिकाणी सेट इंट्रिन्सिकली सेफ (ठिणगीने गॅस पेटणार नाही असा) हवा आणि त्यावरचा गॅस ग्रुप तुमच्या झोनशी जुळायला हवा. हायड्रोजन असेल तर आयआयसी हा ग्रुप. प्रमाणपत्र सेट आणि बॅटरीच्या जोडीचं असतं. बाजारातली दुसरी बॅटरी बसवली की ते संपलं.

आयपी67 (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) लिहिलेल्या सेटचं बाजूचं झाकण स्क्रूने घट्ट नसेल तर पावसाळ्यात, फोममध्ये पाणी आत जातंच. खांद्यावरच्या माइकचं रेटिंग वेगळं असतं, ते स्वतंत्र विचारा. त्याची वायर कोटाच्या आतून घ्या: उष्णतेने वेष्टन वितळलं तर बटण दाबल्यासारखं राहतं आणि सगळा चॅनल अडतो. यासाठी टाइमआउट (बटण दाबलेलंच राहिलं तर सेटचं बोलणं आपोआप तोडणारी वेळ) 30 सेकंदांवर ठेवायला सांगा. गळ्याचा माइक गोंगाटात चांगला, पण हूड आणि मास्कच्या पट्ट्यांखाली सरकतो. पंप ऑपरेटरला मात्र कानझाकणी हेडसेट द्याच.

चॅनलची कळ सिलिंडरच्या पट्ट्याला घासून फिरते आणि माणूस नकळत दुसऱ्याच चॅनलवर जातो. फायर टीमच्या सेटवर दोनच चॅनल भरा, उरलेल्या जागांवर आतलाच चॅनल पुन्हा भरा.

बोलण्याची शिस्त कुठल्याही सेटवर तीच. बटण दाबून एक सेकंद थांबा, माइक मास्कच्या बोलण्याच्या जाळीपासून तीन-चार सेंटीमीटरवर धरा, ओरडू नका. ‘वॉटर ऑन’ आणि ‘वॉटर ऑफ’ गोंगाटात सारखेच ऐकू येतात; ‘पाणी सोडा’ आणि ‘बंद करा’ येत नाहीत. ‘आत जाऊ नका’ म्हणताना बटण लवकर सुटलं तर उलटाच आदेश पोचतो, म्हणून ‘बाहेर थांबा’ म्हणा. ऐकणाऱ्याने आदेश परत म्हणून दाखवायचा. आणि रेडिओ गेलाच तर दोर: एक ओढ ठीक, दोन पुढे जातोय, तीन दोर आवरा, चार मदत.

एमआयडीसी किंवा महापालिकेची गाडी आल्यावर त्यांचे सेट तुमच्याशी बोलणार नाहीत, फ्रिक्वेन्सी वेगळी असते. एक चार्ज केलेला जादा सेट त्यांच्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायला गेटवर ठेवा.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून दोन सेट चाचणीला मागवा. एकाने पूर्ण बीए सेट लावून तळघरात किंवा रॅकच्या मागे उभं राहायचं, डिझेल पंप चालू ठेवायचा, आणि कागदावरचे दहा आदेश वाचायचे. दाराशी उभ्या माणसाने ऐकू आले तसे लिहून घ्यायचे. आठपेक्षा कमी जुळले तर तो सेट फायर टीमसाठी घेऊ नका.