स्वतःचं घर नसताना राष्ट्रीयत्वाचा दाखला : कोल्हापुरातल्या सेतू सेवेची पारख

सेतूच्या, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या केंद्राच्या, रांगेत ज्याला सगळे नुसतं ‘डोमिसाईल’ म्हणतात, त्या कागदाचं पूर्ण नाव वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. तुमचं वय काय, तुम्ही भारताचे नागरिक आहात का आणि महाराष्ट्रात किती वर्षं राहताय, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच पानावर तहसीलदारांच्या सहीनं मिळतं. इंजिनिअरिंग-मेडिकलचा प्रवेश, पोलीस भरती, सरकारी नोकरी, सगळीकडे हाच कागद लागतो. सेवा म्हणून गुण द्यायचे तर स्वतःचं घर असणाऱ्याच्या बाजूनं पाचपैकी चार, भाडेकरूच्या बाजूनं अडीच आणि पाल ठोकून राहणाऱ्याच्या बाजूनं एक. कागद तोच आणि नियमही तेच. फरक पडतो तो खिडकीवर.

नियमात घर मालकीचं असावं अशी अट कुठंही नाही. अट आहे ती वास्तव्याची. सर्वसाधारणपणे महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, किंवा जन्म इथला असल्याचा पुरावा द्यावा लागतो. जोडायचे कागद चार प्रकारचे : ओळखीचा एक, पत्त्याचा एक, वयाचा एक आणि वास्तव्याचा एक. त्यासोबत स्वयंघोषणापत्र. पहिले तीन आधार, मतदार ओळखपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढ्यावर भागतात. अर्ज अडतो तो चौथ्याला.

वास्तव्याचा दाखला तलाठी, ग्रामसेवक किंवा बिल कलेक्टर यांच्यापैकी एकाचा चालतो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या, पण चावडीत जुन्याच नावानं विचारलं तर लवकर कळतं.) खेड्यात हे त्यातल्या त्यात सोपं, कारण तलाठी नाही तर कोतवाल तरी माणसाला तोंडानं ओळखतो. शहरात मात्र बिल कलेक्टरकडं नोंद असते ती मिळकतीची. आत कोण राहतं याची नाही. महापालिकेच्या गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी तुमचा भाग ज्याच्याकडं, तिथं जावं लागतं. तिथं पहिला प्रश्न येतो तो घरफाळ्याच्या पावतीचा. पावती असते मालकाच्या नावावर, आणि भाडेकरू कागदावर आला की घरफाळा वाढेल या धास्तीनं मालक ती हातात द्यायला तयार नसतो. बहुतेक भाडेकरूंची वाट इथंच खुंटते.

यावर उपाय मालकाच्या विनवण्या हा नाही, नोंदणीकृत भाडेकरार हा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असणं बंधनकारक आहे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत वाद झाल्यास, उलटा पुरावा येईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे शांतपणे कानावर घातलं की बरेच मालक 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला तयार होतात. नोंदणी ऑनलाइन होते. शुल्क शहरी हद्दीत 1,000 आणि ग्रामीण हद्दीत 500 रुपये, मुद्रांक वेगळा. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणलेला करार हा वेगळा प्रकार. काही खिडक्यांवर तो खपतो, पण तपासणीत उडण्याची शक्यता धरूनच चाला.

एका करारानं आजचा पत्ता सिद्ध होतो, मागची 15 वर्षं नाही. त्यासाठी वर्षांची साखळी जोडावी लागते. सगळ्यात भक्कम कडी शाळेची. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या जनरल रजिस्टरचे उतारे दहा वर्षं एका झटक्यात भरून काढतात, आणि शाळेला तुमचं घर कुणाचं होतं याच्याशी देणंघेणं नसतं. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कोल्हापुरातल्या जुन्या शाळांची रजिस्टरं त्यामुळं पुष्कळांच्या आजोबांपर्यंत मागं नेतात. शाळेनंतर रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, लसीकरणाचं कार्ड. पत्ते वेगवेगळे असले तरी बिघडत नाही. सगळे महाराष्ट्रातले हवेत आणि मधे मोठं भगदाड नको. कोऱ्या कागदावर वर्ष, पत्ता आणि पुरावा असा तीन रकान्यांचा तक्ता करून अर्जाला वर जोडा. तो कुणी मागत नाही, पण कारकुनाचं काम निम्म्यानं कमी होतं आणि त्रुटी निघायला जागा राहत नाही.

राष्ट्रीयत्वाचा भाग बहुतेकांना औपचारिकता वाटतो, आणि जन्म 1 जुलै 1987 च्या आधी भारतात झाला असेल तर तो तसाच आहे : जन्मानं नागरिक. त्या तारखेपासून पुढं जन्मलेल्यांचे आई किंवा वडील यांपैकी एक जण जन्मावेळी भारतीय नागरिक असावा लागतो. 3 डिसेंबर 2004 पासूनच्या जन्मांना दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. आज अठरा-वीस वर्षांची जी मुलं डोमिसाईल काढतात ती याच शेवटच्या गटातली, म्हणून आईवडिलांचे शाळेचे दाखलेही सोबत ठेवा. आणि आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार कायद्यातच तसं लिहिलंय. मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूससुद्धा आधार काढू शकतो. ‘आधार आहे की, अजून काय पाहिजे’ हा वाद खिडकीवर घालून उपयोग नाही.

अर्ज चुकीच्या तालुक्यात जाणं हे कोल्हापुरातलं खास दुखणं. शिरोली एमआयडीसीत कामाला असलेले आणि पुलाच्या शिरोलीत राहणारे स्वतःला कोल्हापूरचे म्हणतात, पण गाव हातकणंगले तालुक्यात. उचगाव, गांधीनगर, पाचगाव, उजळाईवाडी शहराला चिकटलेली. तिथं करवीर तहसील, पण दाखला ग्रामपंचायतीचा, महापालिकेचा नाही. इचलकरंजीत अपर तहसीलदार कार्यालय वेगळं आहे. पोर्टलवर तालुका आणि गाव निवडताना चूक झाली तर अर्ज भलत्याच टेबलावर जातो, तिथून थेट नामंजूर होतो आणि शुल्क परत मिळत नाही.

पत्त्याच्या लिखाणाचंही तसंच. पेठेत ‘अमुक तालमीजवळ’ एवढं सांगितलं की पोस्टमन पोहोचतो, संगणक पोहोचत नाही. घर नंबर, वॉर्डाचं अक्षर, पेठ, पिनकोड हे सगळ्या कागदांवर एकाच पद्धतीनं हवं. एका कागदावर ‘ई वॉर्ड, राजारामपुरी’ आणि दुसऱ्यावर ‘राजारामपुरी 8 वी गल्ली’ असं आलं की खोली तीच असली तरी त्रुटी निघते.

आता पोर्टलबद्दल. आपले सरकार संकेतस्थळावर मोबाईलच्या ओटीपीनं खातं उघडून महसूल विभागात हा दाखला निवडायचा. भाषा सोपी आहे, अर्जही लांब नाही. वैताग आहे तो फायलींच्या मापाचा. फोटो 5 ते 20 केबी, रुंदी 160 आणि उंची 200 ते 212 पिक्सेल. कागद 75 ते 500 केबी. मोबाईलनं काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, तो चढत नाही. आणि फार दाबला तर शाळेच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट होऊन ‘अवाचनीय’ म्हणून परत येतो. शिवाय 75 च्या खालीही चालत नाही, हे लक्षात येईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. साधारण 200 ते 400 केबीची पीडीएफ करा.

अर्ज सेतू केंद्रातून भरायचा तर पूर्वी सगळं मिळून 33 रुपये 60 पैसे पडत. 2025 मध्ये मूळ सेवाशुल्क 20 वरून 50 रुपये झालं. दरफलक लावलेला असतो, तो वाचा आणि पावती मागा. चारशे-पाचशे सांगणारा माणूस ‘धावपळीचे’ पैसे घेतो, सरकारी नव्हे. प्रतिज्ञापत्रासाठी 500 रुपयांचा स्टॅम्प आणायला कुणी पाठवलं तर जाऊ नका; 2025 च्या मार्चमध्ये शासनानं अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क माफ केलंय. साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं चालतं.

मुदत 15 दिवस. मार्च-एप्रिलमध्ये अर्ज केला तर ती पाळली जाण्याची शक्यता बरी. दहावी-बारावीचे निकाल लागले की सगळा जिल्हा एकदम रांगेत येतो, तेव्हा ज्याच्या कागदांत शंका आहे त्याचा अर्ज आपोआप खाली जातो. नामंजुरी आली तर कारण लेखी घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली 30 दिवसांत प्रथम अपील, मग द्वितीय आणि तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडं. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. बऱ्याचदा प्रथम अपील दाखल केलं की काम हलतं. लोक मात्र अपील न करता तोच अर्ज त्याच कागदांनिशी पुन्हा भरतात आणि तेच उत्तर पुन्हा आणतात.

ऊसतोड मजुरांसाठी सल्ला वेगळा. बीडकडनं आलेल्या टोळीतल्या माणसानं कोल्हापूरचा पत्ता सिद्ध करत बसू नये. अधिवास महाराष्ट्राचा पाहतात, जिल्ह्याचा नव्हे. दाखला गावच्या तहसीलमधून काढणंच सोयीचं. हंगामापुरतं बाहेर राहिल्यानं मतदार यादीतलं वास्तव्य तुटत नाही, लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 20 मध्ये तसं स्पष्ट आहे. गावचं रेशनकार्ड रद्द करू नका. धान्य त्याच कार्डावर इथल्या दुकानातही मिळतं. पोरांची शाळा बदलताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेतून मिळतं ते) घ्या, नाहीतर पुढं शाळेच्या नोंदीत दरवर्षी पाच महिन्यांचं भोक दिसतं.

ज्याला खोलीसुद्धा नाही, पुलाखाली किंवा स्टँडच्या बाजूला जो झोपतो, त्यानं सेतूपासून सुरुवातच करू नये. सुरुवात नमुना 6 पासून, म्हणजे मतदार यादीत नाव घालायच्या अर्जापासून. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार बेघर माणसानं अर्जात जी जागा लिहिली असेल तिथं बीएलओनं (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं) रात्री जाऊन खात्री करायची असते. एकाहून जास्त रात्री माणूस तिथं झोपलेला आढळला तर पत्त्याचा कागद मागायचा नाही. या साऱ्या व्यवस्थेत सरकार स्वतः उठून माणसाकडं येतं अशी ही तरतूद, आणि तीच सगळ्यात कमी वापरली जाते. अर्जात जागा नेमकी लिहा : कुठला पूल, कुठली बाजू, कुठल्या दुकानाच्या पायरीवर. नंतर जागा बदलली तर नमुना 8, दुसऱ्यांदा 6 नव्हे. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे.

मग आधार. तिथं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ते तहसीलदार, राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवारा केंद्राचा प्रमुख देऊ शकतो. सहीच्या तारखेपासून तीन महिनेच वैध. फोटोवर अर्धी सही-शिक्का नसेल, खाडाखोड असेल, तर परत. माजी नगरसेवकाचं पत्र चालत नाही. महापालिकेवर 2020 पासून प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, तेव्हा यात कितीतरी हेलपाटे गेले. मतदार ओळखपत्र आणि आधार हातात आल्यावर मग सेतूची पायरी चढायची.

डोमिसाईल काढून नागरिकत्व ‘मिळत’ नाही, असलेलं फक्त लिहून मिळतं. परदेशी जोडीदाराचा रस्ता वेगळा. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 5(1)(सी) खाली केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा आणि त्याची छाननी नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. भारतीयाशी लग्न झालेल्याला सात वर्षांचं वास्तव्य लागतं : अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा. विशेष कारणासाठी सलग बारा महिन्यांत जास्तीत जास्त 30 दिवसांची सूट मिळू शकते. इथंही मोजतात ते राहणं, घर नव्हे. व्हिसावर आलेल्याची वर्षं पासपोर्टवरच्या शिक्क्यांतून आणि विदेशी नोंदणीतून दिसतात; म्हणून खोली बदलली की ती नोंदही बदलून घ्यावी. नेपाळी जोडीदाराची पंचाईत उलटी. 1950 च्या करारामुळं त्यांना व्हिसा लागत नाही, त्यामुळं शिक्काही नसतो. त्यांनी लग्नाची नोंदणी, भाडेकरार आणि काम देणाऱ्याचं पगारपत्रक पहिल्या वर्षापासून जपावं.

राहिला पूर. 2019 आणि 2021 मध्ये चिखली-आंबेवाडी आणि शिरोळ भागात कपाटांसकट कागद भिजले. शाळेचा उतारा पुन्हा निघतो, भाडेकरार नोंदवलेला असेल तर त्याची नक्कलही निघते. नोटरीवाल्याची निघत नाही. दाखल्यावरचा बारकोड आणि अर्जाचा क्रमांक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, त्यावरून प्रत पुन्हा मिळते.