थेट, रेकॉर्डेड, फोनवर की लेखी? माध्यमांशी बोलण्याआधी काय निवडावं

संस्थेत काही घडलं की बातमीदाराचा फोन येतो आणि बोलायचं कशा प्रकारे, हे लगेच ठरवावं लागतं. बहुतेक जण थेट प्रक्षेपणाला घाबरतात. 'आधी रेकॉर्ड करा, चुकलं तर पुन्हा घेऊ', असं म्हणतात. माझं मत नेमकं उलट आहे: मुद्दा एकच असेल आणि तुम्हाला तो पक्का माहीत असेल, तर थेट मुलाखत जास्त सुरक्षित.

थेट मुलाखतीत कात्री चालत नाही, तुम्ही बोललात तेवढं सगळं जातं. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही वीस मिनिटं बोलता आणि त्यातलं काय ठेवायचं ते दुसरंच कुणी ठरवतं. ठेवतात तेही फार थोडं. माध्यमांचे अभ्यासक डॅनियल हॅलिन यांनी अमेरिकी टीव्हीवरच्या निवडणूक बातम्या अभ्यासल्या, तेव्हा १९६८ मध्ये उमेदवाराचं सलग बोलणं सरासरी ४३ सेकंद ऐकवलं जात होतं आणि १९८८ पर्यंत ते ९ सेकंदांवर आलं होतं, असं दिसलं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीनंतर बीपी या तेल कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी लोकांच्या आयुष्यात झालेल्या उलथापालथीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि त्याच ओघात 'मलाही माझं आयुष्य परत हवंय' असं म्हणून गेले. ज्या स्फोटामुळे ही गळती सुरू झाली, त्यात ११ कामगारांचा जीव गेला होता. दिलगिरी मागे पडली, ते एक वाक्य जगभर फिरलं.

म्हणून रेकॉर्डेड मुलाखत निवडलीत, तर प्रत्येक वाक्य एकटं उभं राहील असं बोला. बातमीदाराचा प्रश्न बहुधा कापला जातो. 'पाणी कधीपासून बंद आहे?' याला नुसतं 'मंगळवारपासून' म्हणालात, तर ते वापरता येत नाही. 'पाणीपुरवठा मंगळवारपासून बंद आहे, आणि जलवाहिनीची दुरुस्ती उद्या दुपारी पूर्ण होईल', हे वापरता येतं. मात्र प्रश्नातला आरोपाचा शब्द उत्तरात घेऊ नका. वॉटरगेट प्रकरणात अडकलेले अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७३ मध्ये संपादकांसमोर म्हणाले, 'मी बदमाश नाही', आणि तो शब्द त्यांना कायमचा चिकटला. 'तुम्ही माहिती लपवलीत का?' असं विचारलं, तर 'आम्ही लपवलं नाही' म्हणण्यापेक्षा कोणती माहिती कधी आणि कुणाला दिली ते सांगा. रेकॉर्डिंगचा खरा फायदा एवढाच, की अडखळलात तर 'हे उत्तर पुन्हा देतो' म्हणता येतं. तेही तिथल्या तिथे. घरी गेल्यावर नाही.

विषय गुंतागुंतीचा असेल, पार्श्वभूमी समजावून सांगायची असेल, तर वर्तमानपत्राच्या बातमीदाराशी फोनवर बोलणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. तो शंका विचारतो, तुम्ही दुरुस्ती करू शकता, आकडे कागदावरून वाचता येतात. धोका असतो तो मोकळेपणाचा. गप्पा रंगतात, बातमीदार क्षणभर गप्प राहतो आणि ती शांतता भरून काढायला आपण नको ते बोलतो. उत्तर संपलं की थांबा. 'ऑफ द रेकॉर्ड', म्हणजे छापायचं नाही या अटीवर बोलणं, हे बोलण्याआधी ठरतं, समोरच्याने होकार दिला तरच. बोलून झाल्यावर म्हटल्याचा उपयोग नाही. छापण्याआधी पूर्ण बातमी दाखवा, असा आग्रहही धरू नका, बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. 'माझं वाक्य आणि आकडे एकदा वाचून दाखवाल का?' ही विनंती मात्र अनेक जण मान्य करतात.

प्रकरण कोर्टात असेल किंवा शब्दाशब्दाला महत्त्व असेल, तेव्हा लेखी उत्तर ठीक. एरवी ते कोरडं वाटतं, बातमीत त्यातली एकच ओळ येते, आणि डेडलाइन चुकली तर 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' असं छापून येतं. डेडलाइन पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

राहिली पॅनलवरची चर्चा. तिथे तयारी कितीही करा, तुमच्या वाट्याला किती वेळ येईल हे तुमच्या हातात नसतं. पहिल्यांदाच माध्यमांसमोर जाणाऱ्याने ती नाकारावी आणि त्याच वाहिनीला एकट्याची थेट मुलाखत देऊ करावी. होकार आला, तर आदल्या दिवशी पहिलं उत्तर मोठ्याने म्हणून बघा आणि घड्याळ लावा. वीस सेकंदांत मुद्दा येत नसेल, तर प्रस्तावना कापा.